दुकानची वही

सांगलीहून वाळवा तालुक्यात जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा हे नगरपालिकेचे जुने गाव आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, दूरवर पसरलेले उसाचे फड आणि अधूनमधून हळदीची शेते, असा तेथील परिसर आहे. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो उसाचे बिल निघेल तेव्हा. चूल मात्र रोज पेटवावी लागते. मीठमिरची, तेल, साखर, चहा यांवाचून कोणाचेच चालत नाही. म्हणून अशा गावांतील किराणा दुकानात "मांडून ठेवा" हे दोन शब्द दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येत असत, आणि काही दुकानांत ते अजूनही ऐकू येतात. ग्राहकाने पिशवी उचलायची, हे दोन शब्द उच्चारायचे आणि दुकानदाराने वही पुढे ओढायची, असा हा जुना व्यवहार.

ही वही लाल कापडात बांधलेली असे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी नव्या वहीची पूजा होई, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाई आणि पाडव्यापासून तिच्यात नोंदी होऊ लागत. दिवसभराचा व्यवहार कीर्दीत लिहावयाचा आणि मग तो ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत चढवावयाचा, ही रीत. खतावणीत प्रत्येक घराचे एक पान असे. त्या पानावर डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे.

ते पान जाणत्या माणसाने वाचले, तर त्याला त्या घराची हकीगत कळू शकत असे. गूळ, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ एकाच दिवशी जास्त लिहिली गेली, की घरात सण किंवा पाहुणे. खोबरे, खारीक, डिंक आणि हळीव यांची नोंद झाली, की घरात बाळंतीण. साबुदाणा नेहमीपेक्षा अधिक जाऊ लागला, की कोणीतरी आजारी असावे किंवा उपवास वाढले असावेत. साखर अर्धा किलोवरून पावशेरावर आली, की हात आखडला आहे. दुकानदाराला यातील काहीही कोणी सांगत नसे. ते त्याला आपोआप कळे.

कळलेले सगळेच बोलायचे नसते, हे चांगला दुकानदार जाणून असे. एखाद्या घरची बाकी वाढली, तर ती चारचौघांत न सांगता मालकाला बाजूला घेऊन सांगायची, ही त्याची सभ्यता होती. त्यात त्याचा स्वार्थही होताच. घरची गोष्ट गावभर झाली, तर ते घर उद्या दुसऱ्या दुकानात जाणार. ग्राहक आणि दुकानदार एकाच गावात राहत, एकाच जत्रेला जात; एकमेकांची भीड दोघांनाही असे. शिवाय वही संपली, की ती माळ्यावर जाई. तिच्या पानांना कसर लागे, शाई फिकी होई, आणि दहा वर्षांपूर्वी कोणी किती साखर नेली हे सांगणारे कोणीही उरत नसे.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाणे बरोबर होणार नाही. सगळेच दुकानदार तोंडाला कुलूप घालणारे नव्हते. दुकानाच्या पायरीवर बसून कोणाच्या घरी काय गेले याची चर्चा करणारी मंडळीही प्रत्येक गावात असत. आणि वही ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, ही गोष्ट तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी फार मोठी किंमत मोजून शिकलेली आहे.

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढे पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत असेच घडले. या उठावास इतिहासात 'दख्खनचे दंगे' असे म्हणतात. त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की शेतकऱ्यांचा मुख्य रोख धनधान्यापेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या त्यांनी मागून घेतल्या आणि जाळल्या. बहुतेक शेतकऱ्यांना अक्षरओळख नव्हती. आपल्या नावे काय लिहिले आहे, व्याज किती धरले आहे, फेडलेली रक्कम जमा केली आहे की नाही, हे त्यांना वाचता येत नव्हते आणि दाखवलेही जात नव्हते. आपल्याविषयीची माहिती दुसऱ्याच्या घरात, आपल्याला न कळणाऱ्या लिपीत बंद आहे, ही जाणीव किती जाचक असते, ते त्या होळ्यांवरून दिसते.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या कायद्यात एक साधी पण महत्त्वाची तरतूद होती. शेतकऱ्याने पैसे भरल्यावर लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लिहून मागण्याचा आणि आपल्यापाशी खातेपुस्तक ठेवण्याचा हक्क त्याला मिळाला. सावकाराची वही सावकाराकडेच राहिली, पण तिच्यात आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे पाहण्याची वाट शेतकऱ्यास खुली झाली.

आता वहीची जागा यंत्राने घेतली आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरील काळ्या रेघांवरून यंत्राचा किरण फिरला आणि त्याची किंमत आपोआप नोंदली गेली. रेघांच्या त्या पट्टीवरून झालेली ती पहिली विक्री होय. आज आष्ट्यातील दुकानातला बिस्किटाचा पुडा हातात घेतला, तरी त्यावर तशीच पट्टी आणि तिच्याखाली तेरा आकडे दिसतात. ते आकडे ८९० ने सुरू होत असतील, तर तो क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतलेला आहे असे समजावे. या आकड्यांत पुडा कोणत्या कंपनीचा व कोणत्या प्रकारचा, एवढेच असते. तो कोणी विकत घेतला हे त्यांत नसते.

मग ग्राहकाचे नाव यंत्राला कळते कसे? उत्तर अगदी सोपे आहे. ते ग्राहक स्वतःच सांगतो. मोठ्या दुकानात सामान मोजून झाले, की मेजापलीकडचा नोकर सवयीने विचारतो, "मोबाईल नंबर?" आणि ग्राहकही सवयीने दहा आकडे म्हणून मोकळा होतो. त्या क्षणी पुड्यांवरील रेघा आणि माणूस यांची गाठ बांधली जाते. पुढच्या महिन्यात तोच क्रमांक पुन्हा सांगितला, की नवे बिल जुन्या बिलाला जोडले जाते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावातील दुकानात सांगितला, तर तेथलेही. सुतात मणी ओवावेत त्याप्रमाणे एका क्रमांकात वर्षांची खरेदी ओवली जाते. ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने १९९५ मध्ये ग्राहकांना कार्डे वाटून, खरेदीवर गुण देऊन हेच काम पद्धतशीरपणे सुरू केले होते. आपल्याकडे वेगळ्या कार्डाचीही फारशी गरज उरली नाही. प्रत्येकाच्या खिशातील क्रमांकच कार्डाचे काम करू लागला.

फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ पासून सुरू झाली आणि ती लहान गावांतील भाजीवाल्यापर्यंत पोहोचली. तिच्याविषयी थोडे नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिच्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. दुकानातील चौकटीवर फोन धरून पैसे दिले, तर बँकेला रक्कम, वेळ आणि दुकानाचे नाव कळते. पिशवीत तांदूळ होते की तेल, हे कळत नाही. दुकानाच्या बिलाच्या यंत्राला पिशवीतील वस्तू ठाऊक असतात. म्हणजे माहितीचे दोन तुकडे दोन ठिकाणी असतात. ग्राहकाचा मोबाईल क्रमांक दोन्हीकडे असेल, तर ते तुकडे जुळवणे अवघड राहत नाही. कित्येकांचा यूपीआयचा पत्ता म्हणजे त्यांचा मोबाईल क्रमांकच असतो. तो पैसे घेणाऱ्याला सहज दिसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

"माझे नाव काढून टाकले तर मग काय बिघडते?" असे कोणी विचारील. या प्रश्नाचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केलेला आहे. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अकरा लाख माणसांच्या तीन महिन्यांतील कार्डखरेदीच्या नोंदी घेतल्या. त्यांत नावे नव्हती, खातेक्रमांक नव्हते. फक्त कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात खरेदी झाली, एवढेच होते. तरीसुद्धा एखाद्या माणसाच्या अशा चार खरेद्या ठाऊक असल्या, तर त्या अफाट ढिगातून त्याच्या सर्व नोंदी शंभरांपैकी नव्वद वेळा अचूक वेगळ्या काढता येतात, असे दिसून आले. सोमवारी औषधाचे दुकान, बुधवारी पुस्तकांचे, शुक्रवारी चपलांचे आणि रविवारी मिठाईचे. एवढा क्रम लाखांतून सहसा एकाच माणसाचा असतो.

अर्थात नोंद ठेवणे हेच मुळी वाईट, असे नव्हे. याचे उत्तम उदाहरण आष्ट्याच्या शेतकऱ्याला रोजच्या अनुभवाचे आहे, आणि ते म्हणजे खताचे दुकान. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला मिळते ती खऱ्या खर्चाच्या मानाने फार स्वस्तात. कडुनिंबाच्या लेपाचा खर्च व कर वगळता तिची किंमत २४२ रुपये ठरवलेली आहे. उरलेला भार सरकार उचलते. जी वस्तू शेतकऱ्याला स्वस्त आणि कारखान्याला महाग, तिला पाय फुटणारच. प्लायवुडच्या गोंदापासून दुधाच्या भेसळीपर्यंत अनेक वाटांनी युरिया शेताऐवजी भलतीकडे जाऊ लागला. त्यावर उपाय म्हणून २०१८ च्या मार्चपर्यंत देशभर अशी पद्धत लागू करण्यात आली, की दुकानदाराने ई-पॉस यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पटवून गोणी विकली, तरच कंपनीला अनुदान मिळावे. शेतकरी अंगठा लावतो, यंत्र पावती काढते. कोणी, कोठे, किती गोण्या घेतल्या हे सरकारला कळते. सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी जावा यासाठी ही नोंद आहे, आणि तिचे कारण शेतकऱ्यालाही पटण्यासारखे आहे.

परंतु मार्च २०२३ मध्ये याच सांगली जिल्ह्यातून एक निराळी तक्रार आली. खत विकत घेताना यंत्राच्या पडद्यावर शेतकऱ्याची जात विचारणारा रकाना दिसू लागला होता, आणि तो भरल्याखेरीज विक्री पुढे सरकत नाही, असे शेतकरी व दुकानदार सांगू लागले. १० मार्च रोजी तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा प्रश्न विधानसभेत मांडला. सभागृहात बराच गदारोळ झाला. खताचे अनुदान व ती यंत्रणा केंद्र सरकारची असल्याने आवश्यक तो बदल करण्याविषयी केंद्राला कळवले जाईल, असे राज्य सरकारच्या वतीने सांगण्यात आले.

शेतकऱ्यांचा संताप कशाबद्दल होता, हे नीट पाहण्यासारखे आहे. अंगठा लावण्यास ते तयार होते. कित्येक वर्षे ते लावतही होते. गोणी किती घेतली हे सांगण्यासही त्यांची हरकत नव्हती. पण उसाला घालायच्या युरियाचा आणि घेणाऱ्याच्या जातीचा संबंध काय, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. युरिया पिकाला लागतो. पिकाला जात नसते. ज्या कामासाठी माहिती मागितली त्या कामाला ती आवश्यक आहे का, या एका प्रश्नावर तो सारा वाद उभा होता. न्यायाधीश आणि कायदेपंडित ज्या तत्त्वाविषयी मोठमोठे ग्रंथ लिहितात, ते सांगलीच्या शेतकऱ्याने गोणीपाशी उभे राहून नेमके ओळखले होते.

त्याआधी काही वर्षे हेच तत्त्व दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर, २०१२ मध्ये आधार योजनेविरुद्ध याचिका दाखल केली. त्या खटल्यात माणसाचे खाजगी जीवन हा त्याचा मूलभूत हक्क आहे किंवा नाही, असा प्रश्न निघाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की तो मूलभूत हक्क आहे. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. त्याच वर्षी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली माहितीच्या संरक्षणासाठी समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे काम केलेल्या या न्यायमूर्तींच्या समितीने जुलै २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. पुढे पुष्कळ चर्चा आणि फेरफार होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि व्यापाऱ्यांना मुख्य तरतुदींची तयारी करता यावी म्हणून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

या कायद्यात १८७९ च्या खातेपुस्तकाची आठवण व्हावी अशा गोष्टी आहेत. आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि नको असेल ती पुसून घेण्याचा हक्क त्यात दिला आहे. संमती मागताना द्यावयाची सूचना मराठीसह संविधानातील बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. न कळणाऱ्या लिपीतील वहीची ज्यांना आठवण आहे, त्यांना या तरतुदीचे मोल सांगायला नको. अठरा वर्षांखालील मुलांबाबत कायदा अधिक कडक आहे. त्यांची माहिती घेण्यास आईवडिलांची खात्रीशीर संमती लागते. मुलांच्या वागण्यावर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास साधारणतः मनाई आहे.

दुकानातील दहा आकड्यांविषयी तर याहूनही आधी सरकारने आपले मत सांगितले होते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने व्यापाऱ्यांना कळवले, की मोबाईल क्रमांक दिल्याशिवाय बिल करणार नाही असे म्हणणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायदेशीर कारणावाचून दुसऱ्याला सांगणे हेदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित ठरवले आहे. पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू करणाऱ्या बिंदुमाधव जोशींच्या काळी ग्राहकाचे भांडण वजनमापाशी, भेसळीशी आणि भावाशी होते. त्या यादीत आता माहितीची भर पडली आहे.

हे सारे कायदे कागदावर जितके ठसठशीत दिसतात, तितके ते दुकानाच्या मेजापाशी दिसतातच असे नाही. तेथे गर्दी असते, घाई असते, आणि मागचा माणूस खांद्यावरून डोकावत असतो. अशाच एका संध्याकाळी सातवीतील एक मुलगी आजोबांबरोबर वह्या घेण्यासाठी दुकानात गेली आहे, अशी कल्पना करावी. वह्यांवरून यंत्राचा लाल किरण फिरला. नोकराने मान वर न करताच विचारले, "नंबर सांगा."

आजोबा सांगू लागले. तोच मुलगी म्हणाली, "दादा, नंबर कशाला लागतो?"

"बिलाला लागतो."

"बिल तर वह्यांचं आहे ना? आम्ही पैसे रोख देतोय."

नोकराने आता मान वर केली. मागे उभ्या असलेल्या बाईंनीही आपल्या पर्समधून काढलेला फोन तसाच हातात धरून ठेवला. "योजना येतात, त्यांचे मेसेज येतात," तो जरा थांबून म्हणाला.

"आजोबांना मेसेज वाचताच येत नाहीत. नंबर नाही दिला तर बिल होत नाही का?"

नोकराने यंत्राकडे पाहिले. मोबाईल क्रमांकाची चौकट त्याने रिकामी सोडली आणि पुढचे बटण दाबले. यंत्राने क्षणभर काही केले नाही. मग खरखर आवाज करीत पांढरी पट्टी बाहेर आली. तीवर सहा वह्यांची किंमत होती, दुकानाचे नाव होते, तारीख होती. आजोबांनी कोपरीच्या खिशातून नोटा काढून मोजल्या, मुलीने बिलाची घडी घालून ती वहीच्या पहिल्या पानात ठेवली आणि दोघे दुकानाची पायरी उतरले.

मागच्या बाईंची पाळी आली. नोकराने विचारले, "नंबर?"

"तो रिकामाच ठेवा," त्या म्हणाल्या.